तीन पाण्यांनी

"आज पाणी लई गार हुतं गं मेहरू. तीनदा धुताना बोटं पार बधिर झाली," अब्बा फोनवर म्हणाले, आणि बारामतीच्या एसटी स्टँडवर, इंदापूरहून आलेल्या गाडीच्या दाराशी, निळा डबा हातात धरून मी होते तिथंच थांबले. मागून एका बाईनं पिशवीनं ढोसलं, वाट सोड की म्हणाली, मी सोडली. काय धुताना, असं मी अब्बांना विचारलं. "काय म्हंजी? दिल. रोजच्यावानी, तीन पाण्यानं." मागं दुकानात माझा भाऊ मुजम्मिल सत्तूर चालवत होता, त्याचा आवाज येत होता, कुणीतरी पाव किलो कलेजी मागितली, आणि अब्बांनी 'ठिवतो' म्हणून फोन ठेवला. कंडक्टरनं नेहमीसारखं विचारलं, मॅडम, आज पण बोकडाचं पार्सल का. मी बहुतेक हो म्हणाले असेन. जानेवारीतली सकाळ होती, नऊ वाजायला आले होते, डब्याच्या पत्र्यातून बर्फाचा गारवा बोटांना लागत होता. चौदा महिने, आठवड्यातून दोनदा, हाच डबा ह्याच गाडीनं निमगाव केतकीहून माझ्याकडं येत होता, आणि चौदा महिन्यांत एकदाही मला विचारावंसं वाटलं नव्हतं, की अब्बा, डब्यात घालायच्या आधी तुम्ही ह्याचं नक्की करता काय.

स्कूटी काढली, डबा पायाशी ठेवला आणि कॉलेजच्या रस्त्याला लागले, पण कुठल्या चौकात वळले, सिग्नलला थांबले की नाही, काही सांगता येणार नाही. डोक्यात नुसतं तीन पाणी, तीन पाणी चाललं होतं. साधं पाणी. बोअरचं. नववीत आम्हाला मनुका पाण्यात टाकायला लावल्या होत्या, तासाभरात त्या टरारून फुगल्या होत्या आणि बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, पाणी पेशीत शिरते, पेशी फुगते, अती झाले की फुटते. निमगावच्या शाळेत, दुसऱ्या बाकावर बसून, ते मी वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं आणि आकृतीला दहापैकी नऊ मार्क मिळवले होते. आणि आता वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, नावापुढं डॉक्टर लागायला चार महिने राहिलेले असताना, मला खाटकाच्या दुकानातून फोनवर कळत होतं की मी पीएचडी मनुकांवर करतेय. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ते हेल्मेटमुळं जमलं नाही.

माझं काम मी लोकांना थोडक्यात असं सांगते. बोकडाचं हृदय घ्यायचं, त्याचे कागदासारखे पातळ काप काढायचे, ते मिठाच्या खास द्रावणात गार आणि जिवंत ठेवायचे. मग त्यांना एक रंग पाजायचा. पेशी धडधाकट असते तेव्हा तिच्या पडद्याच्या आतल्या अंगाला एक चरबी लपलेली असते. पेशी मरायला लागली की ती चरबी बाहेरच्या अंगाला येते, आणि आमचा रंग तेवढ्याच चरबीला धरतो. वरून निळा प्रकाश सोडला की जिथं जिथं रंग चिकटला तिथं हिरवा उजेड पडतो. बास, एवढंच. उजेड म्हणजे मरण आणि अंधार म्हणजे जीव. पुढंमागं कधीतरी, अ‍ॅटॅक आलेल्या माणसाच्या शिरेतून प्रकाशाची बारीक नळी आत घालून डॉक्टरांना बघता यावं, की ह्याच्या हृदयाचं कुठलं मांस गेलं आणि कुठलं अजून वाचवण्यासारखं आहे. हे ऐकलं की लोक वा म्हणतात आणि विषय बदलतात. अब्बांना मात्र हे मी कधी धड सांगितलं नाही. त्यांचा फोन दुकानात स्पीकरवर असतो, समोर गिऱ्हाईक उभं असतं, तिथं मरणाचं काय बोलायचं. ते दर वेळी विचारायचे, दिसलं का, आणि मी म्हणायची, दिसलं अब्बा, छान दिसलं. मग ते गिऱ्हाइकाला सांगायचे, आमची मेहरीन बोकडाच्या दिलातला उजेड बघती.

लॅबमध्ये आले, डबा टेबलावर ठेवला आणि उघडला नाही. स्टुलावर बसले. आमची लॅब म्हणजे जुनी स्टोअररूम, खिडक्यांना काळं कापड, कोपऱ्यात काळ्या कापडाच्या आडोशात सूक्ष्मदर्शक, त्याला जोडलेला कॅमेरा आणि पडदा. भिंतीवर आमचं पोस्टर होतं. पोस्टरवर माझ्या शोधाचा फोटो होता, हिरवा, झगझगीत, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं फुटत गेलेला, पिंपळाच्या जाळीदार पानासारखा. ज्या हृदयाला आम्ही काहीच इजा केलेली नाही, ते खरं म्हणजे पडद्यावर काळंभोर दिसायला हवं. आमचं दिसत नव्हतं. आमच्या निरोगी हृदयांतसुद्धा रक्तवाहिन्यांच्या काठानं पेशी मरताना दिसायच्या, दर वेळी, न चुकता, तीच नक्षी. माझे गाईड ऋषिराज सर ह्या नक्षीवर भाळले होते. हेच तर नवीन आहे मेहरीन, ते म्हणायचे, मरण नळ्यांच्या काठानं सुरू होतं, आजवर कुणी पाहिलं नाही. त्यावर पेपर लिहिला, तो एका बऱ्या जर्नलनं घेतला, आणि छापायच्या आधीची शेवटची प्रत सरांच्या ईमेलमध्ये येऊन पडली होती. पुढच्या बुधवारपर्यंत हिरवा कंदील द्यायचा होता. आज गुरुवार होता.

मी अम्मीला फोन लावला. अम्मी खरं सांगते आणि जास्तच सांगते. तिला म्हटलं, अब्बा दिल कसं धुतात ते मला सांग, पहिल्यापासून. ती आधी घाबरली, काय झालं, वास आला का, म्हणाली. मग सांगू लागली. बोकड कापला की दिल काढायचं, वरची मोठी नळी असते तिच्यात बोअरची पाईप घालून अंगठ्यानं धरायची आणि पाणी सोडायचं, आतलं सगळं रक्त भडाभडा बाहेर येतं. हे पहिलं पाणी. मग तसंच दुसरं. तिसऱ्याला पाणी काचेसारखं निघालं पाहिजे, तवर सोडायचं न्हाय. मग तुझ्या त्या मिठाच्या पाण्यात. दुकानात विकायच्या मालाला अब्बा एवढं करत नाहीत, ती म्हणाली, हे फक्त कुणाला द्यायचं असलं की. "आन तुझं तर इल्मचं, शिक्षणाचं काम. त्यात रगात लागलेलं, नापाक कसं धाडायचं? तूच सांग." मी म्हटलं, बरोबर आहे अम्मी.

आणि खरंच, तिचं बरोबर होतं. वाहतं रक्त नापाक, तीनदा धुतलं की पाक, हे मी चालायला लागले तेव्हापासून बघत आले होते. आमच्या घरातून दुसऱ्याच्या घरी जाणारं काहीही धुतल्याशिवाय गेलं नाही. ईदला गेणबा तात्यांकडं, म्हणजे आमच्या शेजारच्या ऊसवाल्या तात्यांकडं, शिरखुर्म्याचं पातेलं जायचं, तेसुद्धा बाहेरून घासून. मटणाचा वाटा द्यायचा असला की अब्बा मोरीत बसून एकेक तुकडा बोटांनी चोळायचे, मी शेजारी तांब्या घेऊन बसायची आणि पाण्याचा रंग बघायची, लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. तेव्हा अब्बांच्या हातांना लिंबाचा वास यायचा. तात्या म्हणायचे, हैदरभाईचा माल डोळं झाकून रश्श्यात टाकावा. म्हणजे डब्यातून आलेलं दिल उघडल्यावर आत रक्ताचा एक थेंब नाही, गाठ नाही, कप्पे कसे आरशासारखे, हे बघून मला काहीही वाटलं नाही ह्यात नवल ते काय. श्रेयाला वाटलं होतं. श्रेया माझ्याबरोबर लॅबमध्ये, बारामतीचीच, घरी अंडंसुद्धा चालत नाही, पण पोरीला नजर आहे. तिनं एकदा डब्यात डोकावून विचारलं होतं, ह्यात रक्त कसं नाही गं अजिबात. आणि मी, मी केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते, आमच्या अब्बांचा हात आहे तो, तुमच्या बारामतीच्या खाटकांचा नाही. त्यावर ती बिचारी गप्प बसली, तिला वाटलं असेल आपल्याला ह्यातलं काय कळतं.

त्यावरून बारामतीच्या खाटकाचं आठवलं. सुरुवातीची पाच हृदयं मी इथल्याच एका दुकानातून आणली होती. रक्तानं माखलेली, कागदात गुंडाळलेली, मीच इथं मिठाच्या द्रावणानं धुतलेली. ती पाचही पडद्यावर काळी आली होती. मिट्ट काळी. सर म्हणाले होते, रंग खराब दिसतोय, कंपनीला कळवा. आम्ही कंपनीला दोन कडक ईमेल लिहिले, त्या पाच नोंदी 'रंग निकामी' असा शेरा मारून बाजूला टाकल्या, नवी बाटली मागवली. दरम्यान मी म्हटलं, सर, माझ्या वडलांचंच दुकान आहे, ते ताजं पाठवतील. नव्या बाटलीच्या आणि अब्बांच्या पहिल्या दिलाच्या दिवशी पडदा हिरव्या नक्षीनं भरून गेला तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि श्रेयानं पेढे आणले होते. म्हणजे बरोबर होतं ते आम्ही फेकून दिलं, त्यावर रंग बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, आणि चुकलं त्यावर पेढे खाल्ले. एवढा गाढवपणा करायला शिक्षणच लागतं. मी पोस्टरकडं बघत बसले आणि मला कुणाचा राग येतोय तेच ठरेना. अब्बांचा यावा तर त्यांनी माझ्यासाठी गार पाण्यात बोटं गोठवली. सरांचा यावा तर त्यांना नळी आणि पाईप कुठून माहीत असणार. उरले मी. मी खाटकाची पोर, मोरीतलं ते गुलाबी पाणी बघत वाढलेली. जगात हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं तर ते माझ्याच.

गप्प बसता आलं असतं. हे मी उगाच लपवत नाही. दोन तास मी त्या स्टुलावर बसून हाच विचार केला की गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? जगात किती जण खाटकाच्या दुकानात जाऊन पाईप बघणार? पेपर छापून येईल, मे महिन्यात पदवी मिळेल, अब्बा निमगावच्या बाजारात पेढे वाटतील, ते तर त्यांनी आत्ताच दोनदा वाटलेत. मग कुठंतरी कोलंबोत नाहीतर कोलकात्यात एखादी मुलगी माझ्यासारखीच स्टुलावर बसेल, माझा पेपर समोर ठेवून, आणि तिचं हृदय काळं येईल, आणि ती म्हणेल माझंच काहीतरी चुकतंय. वर्ष घालवेल. रंगाच्या कंपनीला कडक ईमेल लिहील. ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. तिचा पण मला रागच आला, उगाच कुठून उपटली म्हणून. पण बारा वाजता मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर ऐकून आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. माझ्या फेलोशिपसाठी ते पुण्याला सहा खेपा घालून आले होते. ते म्हणाले, वडील बोलायच्या ओघात बोलले असतील, रोज धुतातच कशावरून. मी म्हटलं अम्मीलाही विचारलंय. मग म्हणाले, थोडं पाणी लागलं तर वरवर लागेल, आतपर्यंत नक्षी कशी उमटेल. मी पाईप कुठल्या नळीत घालतात ते सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या शिरा त्याच नळीच्या मुळाशी उघडतात. पाणी सरळ त्यांतून आत, शिरांच्या काठाकाठानं. सरांना हे माझ्यापेक्षा आधी कळलं, त्यांचा चेहरा मी वाक्य पुरं करायच्या आधीच उतरला. ते उठून खिडकीशी गेले. "हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे," ते तिथून म्हणाले, "आणि तुझ्या वडलांना माहीत आहे, पण आपल्याला काय माहीत आहे हे त्यांना माहीत नाही." म्हणजे, गप्प बसू या. त्यांनाही ते वाक्य आवडलं नसावं. त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, एका फोनवर मी चौदा महिने मागं घेणार नाही. रविवारी समोरासमोर करून बघू. एक धुतलेलं, एक न धुतलेलं, एकाच दिवसाचं. दोन्हींत नक्षी आली तर विषय संपला, पेपर जातो. नाही आली तर मीच पत्र लिहीन. असं म्हणताना ते माझ्याकडं अशा आशेनं बघत होते, की मला त्यांची कीव आली, आणि लगेच माझीही, कारण मलापण तेच हवं होतं.

शुक्रवारी सकाळी अब्बांना सांगायचं होतं की दोन दिलं द्या आणि दोन्ही धुऊ नका. हे मला सरांना सांगण्यापेक्षा जड गेलं. का, म्हणाले. म्हटलं, बघायचंय. काय बघायचंय, वास येतो का, कुणी काय बोललं का तुला तिथं. म्हटलं, कुणी काही बोललं नाही. तसलं रगताळलेलं मी कंडक्टरच्या हातात द्यायचं, म्हणाले, तो काय म्हणंल, हैदरकडं पाणी न्हाय? मी चिडले. मी म्हटलं, अब्बा, तुम्हाला एक गोष्ट सांगितली तर ती सरळ करता येत नाही का, प्रत्येकात आपलं डोकं चालवलंच पाहिजे का. स्पीकर चालू असणार, गिऱ्हाईक ऐकत असणार. मग ते म्हणाले, मी सोता घिऊन येतो. मी दिवसभर त्या वाक्यातला 'सोता' ऐकत होते. एवढं तोडून मी त्यांना जन्मात बोलले नव्हते, आणि बोलले तेही कशावरून, तर माझ्यासाठी जास्त पाणी वापरलं म्हणून. शनिवारी फोन करून नीट सांगावं असं सारखं वाटत होतं, नंबर लावायची आणि काढायची.

रविवारी ते पहिल्या गाडीनं आले. ईदचा पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात डबा आणि काखेत अम्मीनं दिलेली चपात्यांची पिशवी. कळस गावच्या धनगराकडचे दोन बोकड होते, दोघे एकाच कळपातले, असं त्यांनी सरांना हात जोडून सांगितलं, तुमच्या कामाला सारखंच पाहिजे म्हणून निवडून घेतले. सरांना बरं वाटलं, त्यांनी अब्बांना खुर्ची दिली. मी सांगितलं, अब्बा, ह्यातलं एक तुम्ही इथं धुवा, अगदी दुकानात धुता तसं. तेव्हा कुठं त्यांचा चेहरा सुटला. त्यांनी बाह्या दुमडल्या, आमच्या बेसिनच्या नळाला रबरी नळी लावून घेतली, पुटपुटत बिस्मिल्ला म्हणाले आणि अंगठ्यानं ती मोठी नळी अशी काही अचूक धरली, की सर पुढं होऊन बघायला लागले. एक पाणी, दोन पाणी. तिसऱ्याला खालून निघणारं पाणी त्यांनी ओंजळीत धरून उजेडाकडं नेलं आणि पसंत केलं. दिल फिकट गुलाबी, स्वच्छ झालं होतं. दुसरं, न धुतलेलं, मी त्यांच्या देखत मिठाच्या द्रावणात टाकलं तेव्हा ते दुसरीकडं बघत होते. एवढी शिकलेली माणसं, त्यांच्यापुढं तसलं ठेवायचं, ह्याची लाज त्यांच्या पाठीवरसुद्धा दिसत होती.

काप काढले, रंग घातला, वीस मिनिटं थांबलो. सर ये-जा करत होते. अब्बा बाहेर पोस्टरपुढं उभे राहून त्यातलं माझं नाव शोधत होते, मिळाल्यावर त्यांनी ते बोटानं पुसलं, धूळ नव्हती तरी. मग मी त्यांना आत बोलावलं. आत मिट्ट काळोख, त्यांनी माझा दंड धरला. आधी धुतलेलं ठेवलं. निळा प्रकाश सोडला, आणि पडद्यावर ती नक्षी उगवली, हिरवीगार, काठाकाठानं, पहिल्यापेक्षा दाट, आजचं पाणी आमच्या टाकीचं, बोअरच्या पाण्याहून कमी खारं होतं. अब्बांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. हे माझ्या हातचं, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "माशाल्ला," ते अगदी हळू म्हणाले. चौदा महिने त्यांनी फक्त ऐकलं होतं, आज पहिल्यांदा बघत होते. पडद्याचा हिरवा उजेड त्यांच्या दाढीवर पडला होता आणि ते लहान मुलासारखे एकटक बघत होते, आणि मला वाटलं, आत्ता इथं लाईट जावी. गेली नाही. सर मागून म्हणाले, दुसरं लाव.

दुसरं लावलं. पडदा काळा. मी प्रकाश वाढवला, कॅमेऱ्याचा वेळ वाढवला, काप सरकवून कडेला गेले, मध्ये आले, दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. कडेला सुरी लागली तिथं एक बारीक हिरवी रेघ, बाकी काळं. इतकं सुंदर, इतकं बरोबर काळं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. माझी पद्धत बिनचूक चालत होती आणि माझा शोध खोटा होता, दोन्ही एकाच वेळी, एकाच पडद्यावर. सरांनी खुर्चीची पाठ धरली होती, ती सोडली. आडोशाचं कापड बाजूला करून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं त्यांच्या केबिनमधून कीबोर्डचा आवाज यायला लागला, सावकाश, एका बोटानं टाईप करतात ते. पत्र लिहीत होते. त्या माणसानं शब्द पाळला, आणि मला त्याचंच रडू आलं. चौदा महिने गेले. मे गेला. आता पहिल्यापासून, शंभरएक हृदयं, वर्ष तरी.

अब्बांना ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. ते काळ्या पडद्याकडं बोट दाखवून समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बग, मी सांगत हुतो का न्हाय? न धुता आणलं की हे असं. काय सुदिक दिसंना." ते माझी समजूत काढत होते. परवाचं तोडून बोलणं विसरून गेले होते, किंवा विसरले नव्हते आणि म्हणूनच एवढं मऊ बोलत होते. पुढच्या खेपेला चांगलं धुऊन आणतो, म्हणाले, तू जिवाला लावून घिऊ नको. मी तिथंच गप्प बसू शकले असते. सरांपुढं खरं बोलायला मला दोन तास लागले होते, इथं किती लागले कळलं नाही. घड्याळ दिसत नव्हतं.

"अब्बा," मी म्हटलं, "उजेड दिसतो ते मेलेलं असतं. काळं आहे ते जितं हाय."

ते माझ्याकडं वळले. त्यांनी पुन्हा पडद्याकडं बघितलं, मग म्हणाले, ते आधीचं लाव. मी धुतलेलं लावलं. हिरवी नक्षी परत उगवली. ती त्यांनी आता अगदी जवळ जाऊन, वाकून, शिरेमागून शीर बघितली, मोठ्या नळीपासून जिथं ती बारीक होत संपते तिथपर्यंत. त्यांचं बोट पडद्याला न लागता त्या वाटेनं गेलं. पाणी कुठून शिरलं आणि कुठं कुठं गेलं, हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा आधी दिसलं असावं. हे पाण्यानं झालं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. डब्यात आलं तेव्हा जितं हुतं? हो. मग ते सरळ झाले, बाह्या खाली ओढून त्यांनी एकेक करून दोन्ही गुंड्या लावल्या. रडतील असं मला वाटलं, चिडतील असंही वाटलं, त्यांचा आवाज मात्र दुकानात हिशोब चुकल्यावर होतो तसा अगदी साधा होता.

"म्हंजी म्या दोनदा मारलं," ते म्हणाले. "एकदा सुरीनं, एकदा पाण्यानं. आमच्यात एकदाच मारायचं आसतंय गं."

मी म्हणायला गेले, की अब्बा, पेशीला काही कळत नाही, तिला दुखत नाही. त्यासाठी तोंडही उघडलं. मग मिटलं, कारण ते मी कधी तपासलेलं नव्हतं.